सांजेची साखळी

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक गादी, शिलाई मशीन आणि कोरफडीची एक कुंडी, एवढा संसार टेम्पोतून उतरवला आणि घराचं दार माझ्या किल्लीने उघडलं. माझ्या! चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच. दादाच्या घरी मला कशाची कमी नव्हती, वहिनी तर लाखात एक, पण मिठाची बरणी कुठे ठेवायची हे काही मी ठरवू शकत नव्हते. आज ती मी खिडकीत ठेवली. उद्या मनात आलं तर पलंगाखाली ठेवीन, विचारणार कोण?

ही वही भाचीने निघताना हातात कोंबली. आत्या, रोज लिहायचंस, नाहीतर तिथे एकटीच बडबडत बसशील, म्हणाली. मुलगी मला बरोबर ओळखून आहे.

घर दोन खोल्यांचं. पुढे ओटी, मागे शेत. शेतापलीकडे पांढऱ्या भिंतींचं दूध केंद्र दिसतं. उद्यापासून मी तिथली प्रमुख, म्हणजे दूध मोजणारी, तपासणारी आणि पाणी घालणाऱ्यांच्या शिव्या खाणारी. मागच्या दाराने निघालं की बांधावरून पाच मिनिटांत कामावर. घर वर्षभर रिकामं होतं म्हणे, पण भिंतींना कुठे ओल नाही.

ओटीवर वळचणीखाली पेल्याएवढी पितळी घंटा आहे, तिला सुती दोरी. मला वाटलं, पाहुण्यांसाठी असेल. केवढा थाट! एवढ्यात शेजारच्या मावशी चहाची किटली घेऊन आल्या. साठीच्या, ठेंगण्या, एका श्वासात चार विषय. सहा मांजरं, एक गाय आणि त्या, एवढंच त्यांचं घर. जाताना म्हणाल्या, दिवेलागणीला घंटा वाजव गं पोरी, माझ्या मागोमाग. मी हो हो म्हटलं. तेव्हा माझं सगळं लक्ष किटलीच्या झाकणाकडे होतं, ते बटाट्याच्या सालीने घट्ट बसवलं होतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल जी फजिती झाली ती लिहायला हवी.

संध्याकाळी मी पडदे शिवत बसले होते. दूर कुठेतरी घंटा वाजली, मग जरा जवळ, मग आणखी जवळ. शेवटी मावशींची. मशीनच्या खडखडाटात मी काही मनावर घेतलं नाही. थोड्या वेळाने मान वर केली तर अंगणात अख्खी वस्ती उभी! कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कुदळ, टेकडीवरच्या घरातली बाई तर उलथनं घेऊन आलेली. सगळ्यांना धाप लागलेली. मी तोंडात टाचण्या धरून दारात. मला धडधाकट पाहून मावशी मटकन ओटीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या.

मग कळलं. इथे गल्लीच्या तोंडापासून टेकडीपर्यंत एकामागे एक घरं. दिवेलागणीला पहिल्या घराने घंटा द्यायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. सगळे ठीक आहेत हे असं कळतं. एखादी घंटा वाजली नाही तर सगळ्यांनी हातात मिळेल ते घेऊन धावायचं. शेवटची घंटा झाली की दारं बंद. मग गोठ्यातसुद्धा कुणी जात नाही, म्हणून धारा त्याआधीच काढून होतात. याला साखळी म्हणतात.

हे कशासाठी, असं मी विचारलं. मग टेकडीवरची बाई म्हणाली की बरं झालं, धावून यायची सवय तरी मोडलेली नाही. सगळे हसले आणि पांगले. शेवटी मला माफी मागायचंही राहून गेलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मावशींकडून सगळं काढून घेतलं. घेतलं नसतं तर बरं झालं असतं.

तीन खून. सहा-सात वर्षांत तीन, आणि पकडला कुणीच गेलेला नाही. पहिली निवृत्त मास्तरीण. तिचं प्रेत दोन दिवसांनी सापडलं, कुणाला पत्ताच नव्हता. त्या शरमेतून साखळी सुरू झाली. मग मधमाश्या पाळणारे गृहस्थ. आणि गेल्या हिवाळ्यात तिसरी, एक शिवणकाम करणारी बाई. तिघंही एकटी राहणारी. तिघांच्याही गळ्याभोवती दोरीची खूण. चोरी नाही, भांडण नाही, काही कारण नाही.

शिवणकाम करणारी कुठे राहायची, हे विचारायची गरज पडली नाही. मावशी माझ्या शिलाई मशीनबद्दल पहिल्या दिवसापासून का गप्प होत्या ते कळलं. हे घर मिळवून देणाऱ्या केंद्राच्या साहेबांना मनातल्या मनात सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या.

मावशींची तांबडी गाय मूळची तिचीच. ती बाई गेली त्या रात्री ही गाय पहाटेपर्यंत हंबरत होती. सगळ्यांनी ऐकलं, पण घंटा होऊन गेलेली, बाहेर कोण पडणार? मुकं जनावर मालकिणीसाठी रडत होतं बघ, असं म्हणत मावशींनी डोळे पुसले. माझेही भरून आले.

मी विचारलं की साखळी असताना हे दोन खून झाले कसे? मावशी म्हणाल्या, दोन्ही वेळेला साखळी पुरी झाली होती, घंटा सगळ्यांनी ऐकल्या होत्या. म्हणजे जे झालं ते नंतर, रात्री. डॉक्टरांनाही त्याहून जास्त काही सांगता आलं नाही. मग फौजदारांनी एकेकाला विचारलं की रात्री तू कुठे होतास. सगळे आपापल्या घरात, दारं लावून. साक्षीदार कोण असणार? संशय गेला तो लोहारावर, कारण तो कुणाशी बोलत नाही. दोन दिवस ठेवून सोडून दिला.

लोहार म्हणजे माझा दुसऱ्या बाजूचा शेजारी. छान!

दादाला हे कळवणार नाही. कळवलं तर उद्या टेम्पो दारात उभा राहील, आणि मी पुन्हा त्यांच्या मिठाच्या बरणीपाशी. इथून मला कुणी हलवू शकत नाही, भूतसुद्धा नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काम आवडतंय. सकाळ-संध्याकाळ बरण्या येतात, मी प्रत्येकीतला थेंब तपासते. लोकांच्या चेहऱ्यावरूनच कळतं पाणी कुणी घातलंय ते. मावशी फक्त सकाळचं दूध घालतात. संध्याकाळचं मांजरांना आणि दह्याला.

साखळीचीही गंमत वाटायला लागली आहे. प्रत्येकाचा हात वेगळा. मावशींचा खांदा दुखतो, म्हणून त्यांच्या दोन घाईच्या, मग दम खाऊन एक. लोहाराची एकच, ठण्णदिशी, मेहेरबानी केल्यासारखी. मी माझी एक चाल बसवली आहे: एक लांब, दोन पटापट, एक लांब. लहानपणी आम्ही भावंडं दारावर अशीच थाप मारायचो.

ही चाल उचलली कुणी असेल तर टँकरवाल्या भाऊंनी. हा इथला सगळ्यात लाघवी माणूस. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर त्यांचं, तिथे ते आणि त्यांचे म्हातारे वडील. वडिलांना चालवत नाही, ओटीवर खुर्ची टाकून बसतात आणि साखळीची पहिली घंटा तेच देतात. भाऊ रोज संध्याकाळी केंद्रावर टँकर लावतात, पंपाने दूध चढवतात, साखळी झाली की शहराकडे निघतात आणि सकाळी परत येतात. मी घंटेसाठी लवकर निघते, पंप बंद करून कुलूप लावायचं काम त्यांचं. परवापासून जाताना हॉर्नवर माझी चाल वाजवतात. पों, पोंपों, पों! मला ऐकून भारी हसू येतं.

वस्तीत सगळे त्यांच्याशी मन मोकळं करतात. मावशी म्हणाल्या, त्याच्याशी बोलताना भीती वाटत नाही, कारण तो एकटाच असा आहे जो रात्री इथे नसतो. तिन्ही वेळेला तो शहरात होता. डेअरीच्या फाटकावर नोंद असते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मागच्या दाराची कडी खिळखिळी झाली होती. भाऊंना म्हटलं तर शहरातून नवं कुलूप आणून स्वतः बसवून दिलं, दारातच बसतं तसलं, आतून-बाहेरून किल्लीचं. भक्कम आहे. किल्ली मात्र एकच निघाली. दुकानदाराने दुसरी ढापली वाटतं, असं मी म्हटलं तर भाऊ म्हणाले, ताई, तुम्ही एकट्या, दुसरी किल्ली देणार कुणाला? त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण ते ऐकून कुठेतरी टोचलं.

चहा घेताना मी म्हटलं की इथे संध्याकाळी कुणी कुणाकडे जात कसं नाही? ते हसून म्हणाले, जायचं कशाला? घंटा वाजली म्हणजे माणूस आहे.

मावशी म्हणतात, पूर्वी सांजेला सगळे एकमेकांच्या ओट्यांवर बसायचे. साखळी सुरू झाल्यापासून ते बंद पडलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज लोहार पहिल्यांदा बोलला. मी कुंपणापाशी उभी होते, म्हणून उगाच विचारलं की या घंटा तुम्हीच केल्यात ना? तो हातातलं काम न थांबवता म्हणाला की घंटा माझ्या, दोरी ओढणारा हात कुणाचा ते मला काय ठाऊक. एवढं बोलून आत गेला.

आजपासून त्या बाजूची खिडकी बंद.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज भाऊंनी पंपाचं वाटोळं केलं. मी बांधावरून घरी पोचले, हातपाय धुतले, तोवर टाकी रिकामी झाली असणार, कारण पंप कोरडा ओरडायला लागला. दूध संपलं की तो डुक्कर अडकल्यासारखा किंचाळतो, लगेच बंद करावा लागतो. हा आपला किंचाळतोच आहे. मावशींची घंटा झाली, माझी झाली, लोहाराची झाली, टेकडीवरची झाली, तरी पंप चालूच. बऱ्याच वेळाने थांबला. मग टँकर गेला. हॉर्न वाजवला नाही. डुलकी लागली असेल. उद्या चांगलं फैलावर घेते.

तांबडी का हंबरतेय कोण जाणे. मावशींना हाक मारून विचारावंसं वाटतं, पण साखळी झाली आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी गेल्या.

सकाळी दूध घेऊन आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले. स्वयंपाकघरात होत्या. मांजरं भोवती बसली होती. गळ्यावर खूण. मी हात लावला. त्या थंड आणि ताठ झाल्या होत्या.

रात्रभर गाय हंबरत होती आणि मी उशीखाली डोकं घालून पडले होते. सगळी वस्ती तशीच पडली होती. आणि कुंपणापलीकडे, माझ्यापासून दहा-बारा पावलांवर मावशी. मला ओरडून रडायचं होतं, पण फौजदार प्रश्न विचारत होते.

मी सांगितलं की घंटा मी ऐकली. दोन घाईच्या, मग दम खाऊन एक. त्यांचाच हात. फौजदार म्हणाले, म्हणजे दिवेलागणीपर्यंत जिवंत होत्या.

गाईकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी मीच बादली घेऊन बसले. बिचारीची कास दगडासारखी झाली होती, सडांतून दूध आपोआप गळत होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लोहाराला घेऊन गेले. या वेळी वस्तीने टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. तो जाताना माझ्याकडे बघत होता. मी मान फिरवली.

आता एका बाजूला मावशींचं घर बंद, दुसऱ्या बाजूला लोहाराचं. संध्याकाळी माझ्या आधीची घंटा खूप लांबून आली आणि माझ्यानंतर थेट टेकडीवरून. मध्ये मी एकटी.

दादाचा केंद्रावर फोन आला होता. सगळं छान आहे म्हटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लिहून काढते, म्हणजे डोकं चालेल.

तांबडीने त्या सकाळी दोन वेळचं दूध दिलं. एक बादली भरून दुसरी घ्यावी लागली. मी मावशींचं दूध रोज मोजते, तिला किती असतं ते मला माहीत आहे. सांजेला धार काढली असती तर एवढं आलंच नसतं, आणि गाय रात्रभर हंबरलीही नसती. ती मालकिणीसाठी रडत नव्हती. तिची कास फुटायला आली होती.

म्हणजे मावशींनी संध्याकाळची धार काढलीच नाही. धार घंटेच्या आधी काढतात. घंटेच्या आधीच त्या—

मग घंटा कुणी वाजवली?

गेल्या वर्षी शिवणकाम करणारी गेली तेव्हाही हीच गाय रात्रभर हंबरली होती. सगळ्यांना हे पाठ आहे, जो तो डोळे पुसत सांगतो. घरोघरी गाई असलेली माणसं, आणि एकालाही हे सुचू नये! घंटा वाजली होती ना. घंटा वाजली म्हणजे माणूस आहे.

आणि लोहार नाही. माझी घंटा झाल्याबरोबर त्याची झाली होती, तो पलीकडे आपल्या घरात होता. एकटी राहणारी सगळी आपापल्या दोरीशी होती. ज्याने मावशींची दोरी ओढली, त्याच्या घरात दुसरं कुणीतरी घंटा वाजवायला असणार.

हे पोटात ठेवून मला राहवेना. बोलायचं कुणाशी? संध्याकाळी केंद्रावर भाऊंना सगळं सांगितलं. ते रात्री इथे नसतात, तेवढा एकच माणूस खात्रीचा. त्यांनी नळी हातात धरून शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ताई, कुणापुढे चकार शब्द काढू नका. आज रात्री मीच फौजदारांना गाठतो.

जीव भांड्यात पडला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊंनी सकाळी निरोप आणला. फौजदार आज सांजेला स्वतः माझ्याकडे येणार. मागच्या बाजूने येतील, गुपचूप, कुणाला दिसायला नको. मी घरीच थांबायचं.

केंद्रातला फोन सकाळपासून बंद आहे.

संध्याकाळ

दूध घेऊन झालं. भाऊंनी पंप लावला, मी निघाले. ते म्हणाले, घंटा विसरू नका ताई. हसले. मीही हसले.

चहाचं आधण ठेवलं आहे. फौजदारांसाठी दुसरा कप काढला. बशीला जोड नाही.

अजून कुणी आलं नाही.

पंप ओरडायला लागला. कोरडा. बंद करायला कुणी—

त्या दिवशी. त्या दिवशीही असाच. मावशींची घंटा झाली तेव्हा पंपापाशी कुणी नव्हतं. डुलकी नव्हती. पंप लावायचा, बांधावरून पाच मिनिटं. घरी म्हातारे वडील घंटा देतात. साखळी झाली की टँकर. फाटकावर नोंद. रात्री शहरात. रात्री तो कधीच इथे नव्हता, रात्री इथे कुणीच नव्हतं, सगळं आधीच—

आणि मी त्याला सांगितलं. मीच.

फौजदार येणार नाहीत. त्यांना काहीच माहीत नाही.

पुढच्या दाराला कपाट लावलं. खिडक्या लावल्या. मागचं कुलूप भक्कम आहे, किल्ली माझ्या गळ्यात. ओरडून बघितलं. पंपाच्या किंचाळण्यात माझा आवाज कुंपणापलीकडेही जात नाही. दोन्हीकडची घरं बंद. बाहेर पडले तर मागे तोच बांध, पुढे लांबवर रिकामी गल्ली. तो कुठे आहे माहीत नाही.

एक उपाय आहे. आत्ता सुचला. घंटा वाजवायची नाही! बस्स. माझी घंटा झाली नाही की सगळे धावत येतील. काठ्या घेऊन, कुदळी घेऊन. पहिल्या दिवशी आले तसे. उलथनं घेऊन ती टेकडीवरची सुद्धा. येतील. नक्की येतील. रडू येतंय, पण हसूही येतंय.

पहिली घंटा झाली. त्याचे वडील.

दुसरी.

मी लिहीत राहते. ते येईपर्यंत लिहीत राहायचं. भाचीला सांगायचं की वही कामाला आली. लोहाराची माफी मागायची. तांबडीची धार कुणी काढली का आज—

आणखी एक झाली. आता माझ्या आधीची. लांबून, पण स्पष्ट.

आता माझी पाळी. मी हलणार नाही. हात मांडीखाली घेतला आहे, डाव्याने वही धरली आहे—नाही, लिहायला हात हवा. लिहिते. गप्प. सगळे कान देऊन बसले असतील. आत्ता एकमेकांना विचारत असतील. आत्ता काठ्या शोधत—

ओटीवर कुणीतरी

घंटा. माझी घंटा वाजली.

एक लांब. दोन पटापट. एक लांब.

अगदी माझ्यासारखी—

टेकडीने उत्तर दिलं. तिच्या पुढच्या घरानेही. थांबा ना, मी नव्हते, ती मी नव्हते—

शेवटची झाली. साखळी पुरी झाली. दारं लागताहेत. एकामागे एक. ऐकू येताहेत.

ओटीवर आता कुणी नाही. पावलं घराला वळसा घालून

मागच्या दारात किल्ली फिर